हिमालयात जायचे, पण केव्हा?



दरवर्षी मार्च महिना उलटला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. कधी तो आमच्या कॉलेजातला एखादा विद्यार्थी विचारतो, कधी एखाद्या खेड्यातल्या शाळेचे गुरुजी विचारतात. "सर, यंदा मे महिन्यात हिमालयात जायचं म्हणतोय. महिना चांगला आहे ना?" मी भूगोल शिकवतो, तेव्हा मला हे ठाऊक असणारच, अशी विचारणाऱ्याची समजूत. मी उलट विचारतो, "हिमालयात म्हणजे कुठे? किती उंचीवर?" यावर पुष्कळदा उत्तर मिळते, "ते अजून ठरायचंय. पण सुट्टी मेमध्येच आहे."

म्हणजे महिना आधी ठरला आणि डोंगर मागाहून ठरायचा! हा क्रम उलटा आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे. आधी वाट ठरवावी. त्या वाटेवरची सर्वांत उंच जागा कोणती ते पाहावे. तो डोंगर पावसाच्या तोंडाशी आहे की पाठीशी, ते पाहावे. आणि मग महिना ठरवावा. आता हे मी फार मोठ्या अधिकाराने सांगतो आहे असे समजू नका. हा उलटा क्रम मी स्वतः एकदा धरला होता, आणि त्याचा त्रास माझ्या एका विद्यार्थ्याला भोगावा लागला.

हिमाचल प्रदेशात कुलू आणि लाहौल ही दोन खोरी शेजारी शेजारी आहेत. त्यांच्या मधल्या रांगेत हामटा नावाची खिंड आहे. उंची सुमारे ४,२७० मीटर, म्हणजे १४,००० फूट. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. अडीच कळसूबाई एकावर एक रचल्या तरी ही खिंड वर उरतेच. मनालीजवळ जोबरा येथून चालायला सुरुवात करायची, चिका आणि बालू का घेरा येथे मुक्काम करायचे, खिंड ओलांडून सिया गोरूला उतरायचे, आणि छत्रू येथे चंद्रा नदीच्या काठी सडक गाठायची. चार-पाच दिवसांची वाट. फार अवघड नाही, म्हणून नवशिके पुष्कळ जातात.

आम्ही गेलो ते मेच्या तिसऱ्या आठवड्यात. ११ विद्यार्थी आणि मी. त्याच आठवड्यात जाण्याचे कारण एकच, परीक्षा संपल्या होत्या. ज्याच्याकडे व्यवस्था सोपवली होती तो म्हणाला, "मेमध्ये सगळेच येतात." सगळे येतात ते मनालीला, खिंडीवर नव्हे, ही गोष्ट आमच्या ध्यानातच आली नाही! चिकाच्या पुढे बर्फ लागले. बर्फाची एक रीत असते. पहाटे ते थिजून कडक झालेले असते, त्यावरून खुशाल चालावे. ऊन वर आले की ते मऊ पडते, आणि मग पाय मांडीपर्यंत आत जातो. आम्ही शहाणे लोक चहा-पोहे करून साडेआठला निघालो. दोन-अडीच तासांच्या चालीला सहा तास लागले. बालू का घेरा येथून वर पाहिले तर खिंडीकडची सगळी घळ पांढरीशुभ्र. तिथूनच परत फिरलो.

पण खरे दुखणे संध्याकाळी सुरू झाले. दिवसभर आभाळ आले होते म्हणून एका मुलाने काळा चष्मा पिशवीत ठेवून दिला होता. ढगातूनही सूर्याचे अतिनील किरण खाली येतात, आणि बर्फावरून उलटून ते पुन्हा डोळ्यांत जातात, हे मी वर्गात शिकवलेले होते. वाटेवर मात्र मी त्याला हटकले नाही. रात्री त्याच्या डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होऊ लागले. पाणी थांबेना, उजेड सोसवेना. दोन दिवस डोळ्यांवर फडके बांधून, हाताला धरून आम्ही त्याला खाली आणले. सुदैवाने डोळे पूर्ण बरे झाले. पण ते दोन दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक.

मुलगा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. त्याचे वडील त्याला न्यायला स्टेशनवर आले होते. ते रागावतील म्हणून मी मनाची तयारी करून उतरलो. ते रागावले नाहीत. सगळी हकीकत त्यांनी ऐकून घेतली आणि एवढेच म्हणाले, "अवो सर, पेरणी काय कुणी तारखेवर करतं व्हय? वाफसा बघितला न्हाई का?"

श्रोते हो, या विषयावर मी पुष्कळ वाचले, पण याहून नेमके कुठे वाचले नाही. मृग निघाला म्हणून कोणी तिफण धरत नाही. मृगाची तारीख एवढेच सांगते की आता दिवस जवळ आले. पाऊस किती पडला, जमिनीत ओल किती उतरली, माती पायाला चिकटते की भुसभुशीत झाली, हे पाहून घात साधायची असते. डोंगरावरही हेच. पुस्तकातला महिना म्हणजे मृगाची तारीख. वाफसा निराळा बघावा लागतो.

मग तिकडचा वाफसा कशावर ठरतो? आपल्याकडे पाऊस एकच, नैर्ऋत्येकडून येणारा. हिमालयाच्या पश्चिम भागाला, म्हणजे काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड या भागाला, त्याशिवाय दुसरी एक आवक आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने वादळी हवेचे झोत पूर्वेकडे येत राहतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. डिसेंबरपासून मार्चपर्यंत ते उंच डोंगरांवर बर्फ टाकून जातात. मेमध्ये आपल्याकडे जमीन भाजत असते, तेव्हा तिकडे १४,००० फुटांवर हिवाळ्याची ही शिल्लक अजून संपलेली नसते. हामटासारखी खिंड सर्वसाधारण साली जूनच्या मध्याला मोकळी होते. ज्या साली मार्च-एप्रिलमध्येही बर्फ पडत राहते, त्या साली त्याहून उशीर लागतो.

इकडे खिंड मोकळी होते न होते तोच मागून मान्सून चालत येतो. केरळात तो १ जूनच्या सुमारास उतरतो, मुंबईला ११ जूनच्या आसपास पोचतो, आणि हिमाचलात जूनच्या चौथ्या आठवड्यात. म्हणजे बर्फ गेले आणि पाऊस आला नाही, असे दिवस किती, तर जेमतेम दहा-बारा! सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्याच्या आसपास पाऊस तिथून काढता पाय घेतो, आणि ऑक्टोबरात नव्या बर्फाची चाहूल लागते. ही दुसरी सवड. आपल्याकडे हस्ताचा पाऊस गडगडत असतो, त्या वेळी तिकडचे आभाळ धुऊन निघालेले असते आणि शंभर शंभर किलोमीटरांवरची शिखरे स्वच्छ दिसतात.

जुलै-ऑगस्टमध्ये जाऊच नये का? इथेच डोंगराची पाठ आणि तोंड पाहावे लागते. महाबळेश्वरला वर्षाला ६,००० मिलिमीटरच्या जवळपास पाऊस होतो. तिथून पूर्वेला थोड्याच अंतरावर पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही होत नाही, वाईला त्याहून कमी, आणि आणखी पूर्वेला गेलात तर माणची माणसे आभाळाकडे डोळे लावून बसलेली. ढग डोंगर चढताना रिकामे होतात आणि पलीकडच्यांच्या वाट्याला नुसते वारे येते. हामटा खिंड म्हणजे असाच एक बांध आहे. कुलूच्या बाजूला देवदार, भूर्जपत्राची झाडे, गुडघाभर गवत आणि रानफुले. खिंडीच्या माथ्यावरून लाहौलकडे नजर टाकावी तर झाड नाही, गवत नाही, नुसते तांबडे-करडे दगड. एका दिवसाच्या चालीत महाबळेश्वरातून माणदेशात यावे तसे वाटते. वर्गात पर्जन्यछाया शिकवताना मी आता फळ्यावर सह्याद्री काढतो, आणि शेजारी ही खिंडही काढतो.

म्हणून लाहौलच्या पलीकडचा स्पिती, झंस्कार, लडाख हा सगळा मुलूख जुलै ते सप्टेंबर या काळात फिरण्याजोगा असतो. आपल्याकडे भातलावणी चालू असते तेव्हा लेहमध्ये ऊन असते. पण छायेतला प्रदेश म्हणजे पाऊस नाहीच, असे मात्र धरून चालू नये. लेहला ऑगस्ट २०१० मध्ये एका रात्रीत पाण्याचा लोंढा आला आणि माणसे वाहून गेली. जुलै २०२३ मध्ये कुलू-मनालीत बियास नदीने रस्ते तोडले, आणि त्याच दिवसांत पलीकडे चंद्रताल सरोवरापाशी भर जुलैत बर्फ पडून अडीचशेहून अधिक लोक अडकून पडले. त्या वेळी मान्सूनच्या जोडीला एक पश्चिमी विक्षोभ येऊन मिळाला होता. शिवाय पलीकडे कोरडे असले तरी तिथे पोचण्याचा रस्ता ओल्या बाजूनेच जातो, आणि पावसात त्याच्यावर दरडी येतात. हे वेळापत्रक आखताना कोणी सांगत नाही.

आता ओढ्यांविषयी थोडे सांगतो. नवखा माणूस बर्फाला भितो, पाण्याला भीत नाही. जूनमध्ये पुष्कळ ओढे बर्फाच्या छपराखाली वाहतात आणि त्या छपरावरून पलीकडे जाता येते. त्याला बर्फाचा पूल म्हणतात. जूनअखेर हे पूल आतून पोखरत जातात. वरून साबूत दिसतात आणि माणसाच्या वजनाने खचतात. जुलैत पूल गेले की पाण्यात उतरावे लागते. हे पाणी वितळलेल्या बर्फाचे. रात्री वितळणे मंदावते म्हणून सकाळी ओढा गुडघ्याएवढा असतो, आणि दुपारी तोच कंबरेला लागतो. म्हणून ओढा ओलांडायचा तो सकाळी. सप्टेंबरात वरचे बर्फ सरलेले असते, पाणी उतरलेले असते. म्हातारे, लहान मुले, पोहता न येणारे अशांना बरोबर न्यायचे असेल तर माझी पसंती सप्टेंबरलाच.

सप्टेंबरचा दोष एकच, थंडी. शिक्षकांनी याचे गणित मुलांना जरूर घालावे. दर १,००० मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. मनाली सुमारे २,००० मीटरवर आहे. तिथे सप्टेंबरच्या शेवटी पहाटे १० अंश सेल्सिअस असेल, तर खिंडीवर काय असेल? उंचीतला फरक सव्वादोन हजार मीटर, घट साधारण साडेचौदा अंश, म्हणजे उत्तर शून्याखाली साडेचार. वारा सुटला तर अंगाला ते याहूनही थंड लागते. बाटलीतले पाणी गोठते. शिवाय जूनमध्ये तिथे दिवस चौदा तासांचा असतो, सप्टेंबरअखेर बारा तासांचा. दिवसाचे दोन तास कमी झाले की मुक्कामाची घाई होते, आणि घाईत पाय मुरगळतो.

इतके करून सप्टेंबर तरी विश्वासाचा का? २०१८ साली २२ ते २४ सप्टेंबरच्या सुमारास लाहौल-स्पितीत अवेळी जोराचे बर्फ पडले आणि शेकडो लोक अडकले. हामटाच्या वाटेवर गेलेले विद्यार्थीही त्यांत होते. ते सुखरूप परत आले. नेपाळात याहून मोठा अनर्थ घडला होता. अन्नपूर्णा पर्वताला वळसा घालणारी एक प्रसिद्ध वाट आहे, आणि तिच्यावर थोरोंग ला ही ५,४१६ मीटर उंचीची खिंड आहे. ऑक्टोबर हा तिथला उत्तम महिना, याबद्दल कोणाचे दुमत नाही. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद नावाचे चक्रीवादळ विशाखापट्टणमला किनाऱ्यावर आले. ते जमिनीवर मंदावले, पण त्याची ओल उत्तरेकडे सरकत गेली आणि १४ तारखेला खिंडीवर हिमवादळ होऊन कोसळली. खिंड ओलांडून मुक्तिनाथच्या बाजूला उतरणारे लोक वाट चुकून बर्फात सापडले. त्या टापूत निदान ४३ माणसे दगावली. त्यांत देशोदेशीचे प्रवासी होते, आणि ओझी वाहणारे, वाट दाखवणारे तिथले लोकही होते. वादळाची वर्दी भारताच्या किनाऱ्यावर कित्येक दिवस आधी मिळाली होती. लाखो लोकांना सुरक्षित जागी हलवलेही होते. पण विशाखापट्टणमचे वादळ हिमालयातल्या खिंडीपर्यंत येईल, हे वाटेवर चालणाऱ्या बहुतेकांच्या कानावर गेले नव्हते.

कोकणातल्या माझ्या श्रोत्यांना हे निराळे सांगायला नको. मान्सूनच्या आधी आणि मान्सूननंतर समुद्रात वादळे उठतात, हे त्यांना पिढ्यान्‌ पिढ्या ठाऊक आहे. तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिमालयात, त्यातून पूर्वेकडे, जाणाऱ्याने निघण्यापूर्वी आणि वाटेत जिथे बातमी मिळेल तिथे एक गोष्ट विचारावी. बंगालच्या उपसागरात काही उठले आहे काय? उठले असेल तर दोन दिवस खालच्या वस्तीत बसावे.

पूर्व-पश्चिम हा भेदही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सिक्कीम-दार्जिलिंगकडे मान्सून जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच येतो, आणि जातो ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास. हिमाचलात पाऊस उशिरा येऊन लवकर जातो. म्हणून सप्टेंबरअखेर हिमाचलात आभाळ निवळले तरी सिक्कीमला अजून छत्री लागते. तिकडे ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर बरा.

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले ते २९ मे १९५३ रोजी. मग मे वाईट कसा? प्रश्न रास्त आहे. फार उंचावरून पश्चिमेकडून एक प्रचंड वेगाचा वायुप्रवाह वाहतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळाभर तो हिमालयाच्या शिखरांवर असतो. मान्सून येण्यापूर्वी तो उत्तरेला सरकतो आणि मेच्या उत्तरार्धात शिखरावर काही दिवस वारा पडतो. तेवढ्यात चढून उतरायचे असते. शिखर गाठणाऱ्याला बर्फ असायचेच आहे, त्याला वारा नको असतो. आपल्यासारख्या पायी फिरणाऱ्याला वाट मोकळी हवी असते. डोंगर एकच असला तरी दोघांचा वाफसा निराळा.

आता सुट्टीचा प्रश्न. तो खोटा नाही. शिक्षकाने सप्टेंबरात पंधरा दिवस रजा मागितली तर मुख्याध्यापक काय म्हणतील ते मला सांगायला नको. मेच हाती असेल तर उंची कमी करावी. उत्तराखंडातले हर की दून हे खोरे ३,५६६ मीटरवर आहे. तिथे मेमध्ये वाट मोकळी असते आणि समोर बर्फाची शिखरे असतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेर उघडतात. तिथल्या गुरुजींना जूनचा तिसरा आठवडा मिळू शकतो, म्हणजे हामटासारख्या खिंडीची पहिली घात त्यांना साधते. उरलेल्या महाराष्ट्राने त्यांचा हेवा करावा! दिवाळीच्या सुट्टीत पूर्वेला जावे. दार्जिलिंगजवळचे संदकफू ३,६३६ मीटर आहे. त्या दिवसांत तिथून कांचनजंगा स्वच्छ दिसते. मेमध्ये तिथे गुरांसाची फुले असतात, पण समोर धुके. फुले हवीत की शिखर, ते ज्याचे त्याने ठरवावे. आणि कोणत्याही महिन्यात गेलात तरी १४,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीनपंचमांशच राहतो. चांगल्या ऋतूने हवा दाट होत नाही, तेव्हा हळूहळू चढण्याला पर्याय नाही. आठ दिवसांची रजा आणि त्यांतले चार आगगाडीत, असा हिशेब असेल तर उंच खिंड त्या साली सोडून द्यावी.

हामटा मी पुढे ओलांडली. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, बिनपगारी रजा घेऊन. तो माणचा मुलगाही बरोबर होता, आता नोकरीला लागलेला. गळ्यात दोरीने बांधलेला काळा चष्मा त्याने मनालीपासूनच डोळ्यांवर चढवला होता. बालू का घेरा येथे रात्री ढग आले. पहाटे आम्ही तयार होऊन उभे राहिलो, तर खेचरवाला चुलीपाशी बसलेला. तो म्हणाला, "मास्टरजी, आज खेचरं वर जाणार नाहीत." मी म्हटले, "आम्ही पुढे चालतो, तुम्ही मागून या." तो म्हणाला, "खेचरं नाहीत तर तंबू नाहीत, आणि तंबू नाहीत तर पलीकडे झोपाल कशात?" आमच्या हिशेबात एक दिवस राखून ठेवलेला होता. तो दिवस आम्ही तंबूत पत्ते खेळत काढला. दुपारी दोन तास बर्फ भुरभुरले. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला निघालो. दहाच्या सुमारास खिंडीवर होतो, आणि दोन्ही बाजू दिसत होत्या, हिरवी आणि तांबडी. त्या राखीव दिवसाचा खर्च माणशी काही शे रुपये आला. परतल्यावर एका प्राध्यापकांनी तो आमच्या हिशेबात वायफळ खर्च म्हणून दाखवला. मी तो तसाच राहू दिला.